वायरमनचा उजवा कान

गाडीच्या वायरिंगमध्ये वायरमनचा हात धरणारं कुणी नव्हतं. हात पक्का होता. दगा दिला तो कानानं. उजवा कान हळूहळू बंद पडत चालला होता, आणि ही गोष्ट त्यानं ना गॅरेजमध्ये कुणाला सांगितली, ना घरी. टेप बसवणाराच बहिरा म्हटल्यावर त्याच्या दारात गाडी कोण लावणार? म्हणून कुणी काही बोललं की तो मान हलवायचा. नको तिथेही हलवायचा आणि नको ती कामं गळ्यात घालून घ्यायचा.

मेव्हण्यानं नुकतीच घेतलेली जुनी गाडी आणली. कंपनीचा टेप धडधाकट चालू होता, पण याला मोठ्या पडद्याचा हवा होता. हौस, दुसरं काय. वायरमननं कंपनीची एकही वायर न कापता मध्ये जोड देऊन नवा सेट बसवला आणि गाणं लावलं. बेस जरा कमी वाटला. पण आताशा त्याला सगळंच कमी वाटायचं.

मेव्हण्यानं तोंड वाकडं केलं. "भावोजी, ही बाई गातेय कुठे बसून? सगळीकडून ऐकू येतेय आणि कुठूनच नाही. यापेक्षा जुना बरा होता."

दोष वायरमनला लगेच उमगला. कुठल्यातरी स्पीकरच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. एक स्पीकर आवाज पुढे ढकलत होता, दुसरा मागे ओढत होता. पण चार दारांपैकी कुठल्या? पूर्वी डोळे मिटून सांगितलं असतं. मेव्हण्याला "तू ऐकून सांग" म्हणायला काही जीभ रेटेना, म्हणून संध्याकाळी ये सांगून त्याला पिटाळलं. मग दाराचं कव्हर उतरवलं आणि सेटमागच्या वायरींना पेन्सिल सेल टेकवला. एरवी एवढ्यानं स्पीकरचा कागद पुढे उसळतो नाहीतर आत जातो, डोळ्यांनीच कळतं. इथे कागद ढिम्म. कंपनीनं सीटखाली वेगळा अँप्लिफायर ठेवला होता. सेलचा झटका तिथेच जिरत होता. कानावाचून इलाज नव्हता.

दुपारी बायको डबा घेऊन आली. वाटेत भाऊ भेटला होता आणि त्याचं गाऱ्हाणं ऐकून झालं होतं. डबा बाकावर ठेवून ती सरळ ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली.

"लावा गाणं. एकेका दाराच्या वायरी बदला, मी सांगते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला दोन कान आहेत, तेवढं पुरे."

वायरमनच्या हातातली पक्कड तशीच राहिली. कधीपासून ठाऊक आहे, असं त्यानं विचारलं, तेही जमिनीकडे बघत. ती म्हणाली, "पंखा लागतो म्हणून मी पलंगाची बाजू बदलली ना, तेव्हापासून. पंखा कसला लागतोय, डोंबल. रात्री तुमच्या उजव्या कानाशी बोलून बोलून माझा घसा बसायचा."

तो सेटमागच्या वायरींकडे वळला. पुढच्या दारांच्या वायरी बदलून पाहिल्या. ती नाही म्हणाली, त्यानं परत होत्या तशा केल्या. मागच्या डाव्या दारापाशी तिनं हात वर केला. बाई आता समोर येऊन गातेय, असं म्हणाली आणि गाणं संपेपर्यंत बसूनच राहिली. तोही काचेला टेकून उभा राहिला. त्याला अर्धंच ऐकू येत होतं, म्हणून तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

संध्याकाळी मेव्हणा खूश झाला, भावोजींच्या कानाला तोड नाही म्हणाला. या वेळी वायरमननं मान हलवली नाही.

"कान तुझ्या ताईचा आहे," तो म्हणाला. "माझा उजवा गेलाय."

मेव्हण्यानं वाकून त्याच्या उजव्या कानात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, गावभर सांगू की नको? वायरमन म्हणाला, सांग खुशाल.

रात्री जेवताना त्यानं बायकोला, उद्या आणखी एक गाडी आहे, येशील का, असं हळूच विचारलं. येईन म्हणाली, पण सकाळी आधी कानाच्या डॉक्टरकडे, आणि तिथे तरी उगाच मान हलवायची नाही.