एका बाईच्या तीन ओळी

सकाळचं दूध घालून झाल्यावर मी आणि कमलताई पुणतांब्याहून निघालो. श्रीरामपूरपर्यंत जीप, तिथून राहुरीकडची एसटी. परत आल्यावर वस्तीवरच्या बायका विचारणार, काय काय पाहिलं. मला चारचौघींत बोलता येत नाही, शब्द घशातच राहतात. म्हणून जसं घडलं तसं वहीत लिहून ठेवते. चौथीपर्यंतच शिकले, पण वहीसमोर बसलं की मला सुचतं.

जाण्याचं कारण असं. आमच्या वस्तीवर बायकांनी चालवलेलं दूध केंद्र आहे आणि कमलताई त्याच्या सचिव. गेल्या महिन्यात तापाने त्यांना दवाखान्यात ठेवलं. फॅट मशीन (दुधातली स्निग्धता मोजणारं यंत्र) कसं सुरू करायचं, जनरेटरची किल्ली कुठे, टँकर आला नाही तर कोणाला फोन करायचा, हे सगळं त्यांच्या एकटीच्या डोक्यात. त्या तिकडे ग्लानीत आणि आम्ही इकडे कॅनभोवती उभ्या. दोन वेळचं दूध नासलं, ते ओढ्यात ओतलं. डेअरीचे साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर तुमच्या केंद्रावर टँकर थांबणार नाही. पुढचं केंद्र नदीपलीकडे. तिथे रोज दोनदा कॅन नेणं आमच्यातल्या निम्म्या जणींना जमणार नाही, त्यांना गाई विकाव्या लागतील. साहेबांनीच राहुरीजवळचं एक केंद्र बघून यायला सांगितलं.

कमलताईंना हे आवडलं नव्हतं. एसटीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "आजारी मी पडले आन् शाळंत बी मीच जायचं. बरा न्याय हाय."

बेलापूरला प्रवरेचा पूल ओलांडला. पाणी कमी होतं, पण काठची हिरवळ डोळे निववणारी. पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या इतक्या हळू चाललेल्या की आमची एसटी त्यांच्यामागे वऱ्हाडासारखी लागली. कमलताईंना डुलकी लागली. कंडक्टर "राहुरी, राहुरी" ओरडले, तशी मी घाबरून त्यांना उठवलं आणि आम्ही उतरलो. तो अलीकडचा, राहुरी फॅक्टरीचा थांबा निघाला. राहुरी पुढेच होती, आणि केंद्र दोन्हींच्या मध्ये, आडवाटेला.

"इचारायचं तरी व्हतं गं कंडक्टरला," कमलताई म्हणाल्या. विचारणंच तर मला जमत नाही.

रस्त्याकडेला एक बाई गवताचा भारा बांधत होत्या. कमलताईंनी त्यांना केंद्राचा रस्ता विचारला. "चला की, मला बी तिकडंच जायाचंय," म्हणून त्यांनी भारा डोक्यावर घेतला आणि आमच्या पुढे चालू लागल्या. वाटेत सायकलवरच्या म्हाताऱ्या बाबांनी हाक दिली, "सुमनताई, पाव्हण्या कुठल्या?" दुकानातल्या बाई म्हणाल्या, "लोंढेबाई, चहा घिऊन जावा." आणि विहिरीवरून कोणीतरी ओरडलं, "मनीषाचे आई, कवा निघनार नगरला?"

"सोमवारी!" त्यांनी ओरडून सांगितलं आणि मग आम्हाला म्हणाल्या, "लेकीचं बाळंतपण हाय. म्हैनाभर तरी मी काय इकडं यायची न्हाई."

केंद्र पत्र्याचं, पण आत फरशी इतकी स्वच्छ की मी चपला दारातच काढल्या. मध्ये बल्क कूलर (दूध थंड ठेवायची मोठी टाकी) घुमत होता. हिशोब-कॉम्प्युटर बघणारी शबाना राहुरीतून रोज स्कूटीवर येते. पंचविशीतली मुलगी, बोलायला फार गोड. तिने आम्हाला आधी पाणी दिलं, मग खुर्च्या.

"मावशी, आमच्याकडं पण आधी नुसती यादी होती," ती म्हणाली. "लाइट गेली तर जनरेटर लावणे, असं लिहिलेलं. एकदा खरंच लाइट गेली. जनरेटर होता, पण किल्ली घेऊन माणूस लग्नाला गेलेला. यादी भिंतीवर आणि दूध गरम!"

मग तिने सगळं नव्याने मांडलं. चार कप्पे केले: माणूस, वस्तू, जागा, काम. कप्प्यात प्रत्येक गोष्ट एकदाच लिहायची आणि तिला एक नंबर द्यायचा. नंतर कोण कोणावर टेकलेलं आहे ते जोडायचं. टाकी विजेवर, वीज नसेल तर जनरेटरवर, जनरेटर डिझेलवर आणि किल्लीवर, किल्ली माणसावर. आणि प्रत्येक कामापुढे एक घर, 'नसेल तर कोण'.

"आता बघा," म्हणून तिने कॉम्प्युटरवर जनरेटर 'बंद' केला. त्याच्यावर टेकलेलं जे जे होतं ते लाल झालं, आणि बाजूला बर्फ कुठून आणायचा, कोणी आणायचा, ते आलं. मी बघतच राहिले. आम्ही घरात हेच करतो, तवा तडकला तर शेजारच्या कोणाचा आणायचा हे प्रत्येकीला ठाऊक असतं. पण ते असं डोक्याबाहेर काढून, परक्या माणसालाही दिसेल असं मांडता येतं, हे मला नवीन होतं.

कमलताई काही वाकल्या नाहीत. "मशीनला काय कळतंय? माझ्या डोक्यात याच्या दुप्पट हाय."

मी 'नसेल तर कोण' ही घरं हळूहळू अक्षरं लावत वाचत होते. किल्ली: सुमनताई. बर्फ: लोंढेबाई. टँकरला फोन: मनीषाची आई. मी पुन्हा वाचलं. एवढ्या हुशार मुलीला मी काय सांगणार? पण सोमवार तीन दिवसांवर होता आणि ओढ्यातलं पांढरं पाणी मला दिसत होतं. मी कमलताईंच्या कानाशी लागले.

"काय?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "आगं पोरी, ह्या तिनी एकच बाई हायेत की! ती काय, भाईर भारा टाकून बसलीय!"

शबानाला आधी कळेचना. ती बाहेरगावची, तिने गावातल्या तिघांना फोन करून कोणाला नेमावं ते विचारलं होतं आणि ज्याने त्याने आपल्या तोंडातलं नाव सांगितलं होतं. तिला वाटलं, तीन कामांना तीन बायका आहेत. बाहेर जाऊन तिने विचारलं, "काकू, मनीषाची आई तुम्हीच?"

"मंग काय शेजारीन हाय?"

"आणि सुमनताई?"

"मीच की. आता लगीन व्हऊन तीस वर्सं झाली, लोंढे बी मीच. म्हंजी तीन ठिकानी मलाच बसिवलं व्हय? तरी म्हनलं, ह्या केंद्राचा फोन आला की मलाच का येतो!"

सगळे हसले. शबाना मात्र तडक आत कॉम्प्युटरवर जाऊन बसली. तिने तिन्ही नावं काढून एकच नंबर ठेवला आणि सोमवारपासून तो 'गैरहजर' केला. तिन्ही ओळी एकदम लाल झाल्या. तेव्हा कमलताई खुर्ची पुढे ओढून कॉम्प्युटरजवळ बसल्या. तासाभरात शबानाने फोन करून तीन वेगळी माणसं नेमली, आणि प्रत्येकाला विचारलं, "तुम्हाला आणखी कोणत्या नावाने बोलावतात?" तेही घर तिने नवीन केलं. चूक तोंडावर सांगितली तरी न रागावता ती जागच्या जागी सुधारणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

दुपारी सुमनताईंनी जेवायला नेलं. हुलग्याचे शेंगोळे (पिठाची कडबोळी रश्श्यात शिजवलेली) आणि बाजरीची भाकरी. तिखटाने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतले.

परतीच्या एसटीत कमलताई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. श्रीरामपूर आल्यावर म्हणाल्या, "आपल्याकडं लाल करायला मी एकलीच हाय गं."

आमच्याकडे कॉम्प्युटर नाही. आम्ही पुठ्ठ्यावर तेच चार कप्पे आखले. कमलताई सांगत गेल्या, मी लिहीत गेले. फॅट मशीनपुढचं 'नसेल तर कोण' हे घर रिकामं राहिलं. सगळ्या जणी एकमेकींकडे बघत बसल्या. लेखणी माझ्याच हातात होती. मी माझं नाव लिहिलं.

आठ दिवस कमलताईंनी मला शिकवलं, रागावून, डोक्यात टपल्या मारून. मग मुद्दाम दोन दिवस माहेरी गेल्या. पहिल्या सकाळी टँकरवाल्या भाऊंनी विचारलं, "कमलताई कुठंयत?"

"न्हाईत आज," मी म्हणाले. "मी हाय."

त्यांनी मान हलवली, पाइप लावला आणि दूध भरून टँकर गेला. चारही वेळा गेला.

कमलताई परतल्या त्या पिशवी न ठेवताच केंद्रावर आल्या. पुठ्ठा पाहिला, कॅन पाहिले, मशीनवर हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोनी इचारलं का गं मला?"

"सगळ्यांनी इचारलं."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि ओटीवर निवांत पाय पसरून बसल्या.