नाकातली नळी

घोरणाऱ्या माणसाला आमच्या घरी मान होता. नवरा घोरून घर दणाणून सोडायचा, तरी सासूबाई म्हणायच्या, "दमते बिचारा." मी चूपचाप झोपायची, आणि उठले की अंग दगडासारखं जड. अमरावतीला दवाखान्यात नर्स होते. रातपाळी करून सकाळच्या बसने भातकुलीजवळ आमच्या गावी यायची आणि झोपायची. दुपारी उठले तरी पोळ्या लाटताना डुलक्या. सासूबाई शेजारणींना ऐकवायच्या, "आमची सून झोपून झोपून थकते!" असा संताप यायचा म्हणून सांगू! सारं सोसलं असतं, पण आळशी हे नाव मला पुसायचंच होतं.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी एक यंत्र दिलं: छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात बारीक नळी. म्हणाले, "घरी झोपाल तेव्हा लावा. श्वास कसा जातो-येतो ते त्यात उमटेल." घरी आले तर सगळे कापूस वेचायला गेलेले. मी सारं लावलं, दार नुसतं लोटलं आणि आडवी झाले.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. कुठल्या ना कुठल्या गावात कोणी फवारणीचं औषध प्यायल्याची बातमी सारखी यायची. नाकात नळी घालून निपचित पडलेलं माणूस दिसलं की लोकांना दुसरं काही सुचायचंच नाही.

शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. मला पाहून त्यांनी जी बोंब ठोकली, ती थेट शेतात पोचली. मला जाग आली तेव्हा माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि त्या माझ्या तोंडात मिठाचं पाणी ओतत होत्या. "ओक वं माय, ओक!" दोघीजणी पलंगाखाली औषधाचा डबा शोधत होत्या. मला दवाखान्यात न्यायला आलेले जीपवाले चाचा दारातून ओरडत होते, "अरे, पैर पकडो कोई!"

"कावून केलं वं असं?" सासूबाई धाय मोकलून रडत होत्या. "म्या आळशी म्हटलं म्हणून? आता नाही म्हणत वं, कधीच नाही म्हणत!"

तोंडात पाणी, बोलू कशी? शेवटी सगळं त्यांच्याच लुगड्यावर थुंकले आणि ओरडले, "अवं, झोपली होती मी!"

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की बोटाचा चिमटा उडून पडला.

यंत्र परत द्यायला निघाले तर त्या माझ्याआधी बसमध्ये जाऊन बसलेल्या. डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या श्वासाची वरखाली जाणारी रेघ दाखवली. "मोकळ्या श्वासाचा माथा गोल असतो. यांचा पाहा, सपाट. घशातली वाट अरुंद होते, कितीही जोर लावला तरी हवा पुरेशी जात नाही. असे चार-सहा श्वास झाले की हा एक मोठा, गोल. तिथे झोप मोडते, यांना कळतही नाही. मग पुन्हा सपाट. श्वास थांबत नाही, घोरणंही नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही." शेवटी रेघेचा नुसता गुंता झालेला. "आणि हे काय?"

"तिथं गाव आलं होतं," मी म्हटलं.

सासूबाई त्या सपाट माथ्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "म्हंजे हे आळशी नाही?"

"नाही हो. झोपूनसुद्धा यांना झोप मिळत नाही."

मी ताठ बसले. आता बोला म्हटलं, इतक्या वर्षांचं सगळं काढणार होते.

त्यांनी पदर नीट केला. "मंग मलेबी लावून पाहा ना, डॉक्टरसाहेब," त्या हळूच म्हणाल्या. "लगन झाल्यापासून मी अशीच थकून उठते. माही सासू चुलीतलं लाकूड दाखवून उठवे मले. म्या कधी कोणाले सांगितलं नाही."

भांडायचं ते राहूनच गेलं. मला रडू फुटलं.