हिवताप नव्हता दादाला
आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरंच आहे ते. पण त्या दिवशी मी बोलले ते जीभ सैल म्हणून नव्हे, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

जर्मनची लढाई चालू होती. उंब्रजजवळच्या आमच्या गावात जवळपास घरटी एक माणूस पलटणीत होता. माझा थोरला भाऊ एकोणीस वर्षांचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्या दिवाळीनंतर त्याला पुन्हा काय झालं देव जाणे, मळ्यात एकट्यानं विहीर खणायला काढली. झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही. बोलायला लागला की गाडी उताराला लागल्यागत. दिसेल त्याला जेवायला बोलवायचा. स्वतःचा नवा पटका कुणा वाटसरूला देऊन आला. वडील, आमचे आबा, कौतुकानं सांगायचे, "पोराच्या अंगात लय रग हाय." नेमके त्याच दिवसांत पलूसकडचे पाहुणे आले आणि साटंलोटं ठरलं. त्यांची लेक आमच्या घरात, मी त्यांच्या घरात. दादानं त्यांना पोट धरधरून हसायला लावलं. सुपारी त्याच बैठकीत फुटली.

संक्रांत सरली आणि दादानं अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायला उठवलं तर डोळ्यांत पाणी यायचं. आबा म्हणायचे, "सोंगं हायती आळशाची. लगीन झालं की येईल ताळ्यावर." एकदा त्यांनी अख्खी घागर त्याच्या अंगावर ओतली, तर तो ओल्या कपड्यांनीच पडून राहिला. मला तेव्हा आबांचा इतका राग आला की आजही आठवलं की येतो. बैल बसला तर हाच माणूस आधी त्याची जीभ बघायचा, कान चाचपायचा. पोराच्या वाट्याला मात्र नुसत्या शिव्या.

शिमग्याच्या तोंडावर मुलीचे वडील न कळवता आले. दादाला पडलेला बघून त्यांनी विचारलं, तशी आई पटकन म्हणाली, "हिवताप हाय. चार दिसांत उठंल."

"मग तापाच्या कोयनेलच्या गोळ्या धाडून देतो की," पाहुणे म्हणाले. माणूस भला होता. मला ते ऐकवेना.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. "मामा, ताप न्हाई त्येला," मी म्हणाले. "तुमाला हसवलं त्यो बी दादाच आन पडलाय ह्यो बी दादाच. गेल्या साली बी असंच झालं हुतं. त्यो आळशी न्हाई, आजारी हाय. लेकीला इचारूनच द्या."

आबांनी पायताण उचललं. मी स्वतःचंही लग्न मोडलं हे मला तेव्हा कुठं कळलं. पाहुणे उठले, दादाच्या उशाशी जाऊन बसले. त्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि आबांना म्हणाले, "पावणं, लेकीला इचारतो. तवर सालभर थांबू."

ते साल मला फार जड गेलं. आई-आबा धड बोलेनात. दादाही बोलेना, ते जास्त लागलं. पाडव्यानंतर तो हळूहळू उठला, वैरण आणायला लागला. पावसाळ्यात त्याचं बोलणं पुन्हा भरभर व्हायला लागलं, तेव्हा आबांनी त्याच्या हातातलं खोरं काढून घेतलं आणि त्याला सोप्यात निजवलं. झोप लागेपर्यंत शेजारी बसून राहिले. बैलाइतकी तरी काळजी घ्यायला शिकले एकदाचे!

तिकडून मुलीचा निरोप आला: आधी खरं सांगितलंय, तर मी येते. पुढल्या वैशाखात एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली.

मी सासरी निघताना दादा गाडीजवळ आला. आता ऐकवणार, म्हणून मी मान खाली घातली.

"त्या दिशी मी जागा हुतो," तो म्हणाला. "वरीसभर बोललो न्हाई तुझ्याशी. लाज वाटत हुती." मग म्हणाला, "त्याच्या आदी मला वाटायचं, मीच वाईट हाय. तू आजारी म्हनलीस, तवापास्नं सोताला शिव्या द्यायचं सोडलं मी."