बाळंतिणीचे लाडू

परवा डिंकाचे लाडू करायला बसलो आणि तूप इतकं तापवलं की डिंक फुलायच्या आत काळा पडला. तरी लाडू वळलेच. त्या वासानं आई आठवली.

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा ती सिरसाळ्याहून बाळंतिणीचे लाडू डबाभर घेऊन आली होती. "लाडू तयार हायेत. आता लेकराचं बघा!"

"आई, आमाला लेकरू नको. ठरवलंय आमी," बायको म्हणाली. मी शूरवीर डब्याचं झाकण न्याहाळत बसलो.

आईनं ते झाकण उघडलं. मग तिनं एक लाडू सुनेच्या हातावर ठेवला. "खा. कंबर तर तुला बी हाय."

तेव्हा मला तो टोमणा वाटला होता.

बायकोनं माझा काळा लाडू चाखला. "आईंनी डबा परत नेला न्हाई, त्या दिवशी मी या घरची झाले. हे मात्र तुमीच खा."