पहिलीतलं अक्षर

"बेटा, पैली में जैसा लिखा था ना, वैसा लिखो."

सामना संपवून मैदानाच्या कडेला पॅड सोडत बसलेल्या, घामाने निथळणाऱ्या हॉकीपटूपुढे एक पांढरी चादर पसरून आमच्या सिस्टर हे वाक्य म्हणायच्या, तेव्हा मी हळूच दोन पावलं मागे सरकायचो. आपली यांच्याशी ओळख दाखवावी की नाही, हा प्रश्न मला दर वेळी पडायचा. तो खेळाडू आधी चादरीकडे बघे, मग सिस्टरांनी पुढे केलेल्या शिसपेन्सिलीकडे.

"कौन सी पहली, आंटी?"

"इस्कूल की रे. तेरे मा ने हात पकडके सिखाया, वैसा."

मग गंमत सुरू व्हायची. टीव्हीवर वाघासारखा दिसणारा तो माणूस मांडी घालून बसायचा, जीभ किंचित बाहेर काढायचा आणि स्वतःचं नाव एकेक अक्षर जपून लिहायला लागायचा. कोणी पंजाबीत, कोणी ओडियात, कोणी कन्नडमध्ये. एका पंजाबी बचावपटूला तर स्वतःच्या नावातलं एक अक्षर आठवेना. लहानपणापासून इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहिलेला मुलगा. त्याने सरळ आईला फोन लावला. पलीकडून आई अक्षर कसं वळवायचं ते सांगत होती, हा गुडघ्यावर बोटाने गिरवून बघत होता, आणि त्यांची बस हॉर्न वाजवत होती. सिस्टर निवांत. "जाऊ दे बस. आईशी कवा बोलणार ते?" असं मला म्हणाल्या.

सिस्टर म्हणजे विमल साळवे. मूळच्या भिवपुरीकडच्या एका गावच्या, पण सगळी नोकरी कर्जतच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली. माझं बाजारपेठेत औषधांचं दुकान आहे. लहानपणी मला इंजेक्शनं त्यांनीच टोचली, त्यामुळे मी पन्नाशीला आलो, डोक्यावरचे केस गेले, तरी त्या मला भर गिऱ्हाइकांत "काय रं सुधीर, पोट साफ हाय ना?" असं विचारायच्या. निवृत्तीनंतर मुंबईत हॉकीची स्पर्धा असली की त्यांना सोबतीला कोणीतरी लागायचं. मुलगा मिलिंद साजगावच्या कारखान्यात पाळीवर, सून नवी. मला हॉकीतलं काही कळत नाही, पण दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची माझी हौस दांडगी. म्हणून मी जायचो.

पहिली भानगड होती ती चादरीची. तिच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा पुसट शिक्का होता. मी वाकून वाचायला लागलो तर सिस्टरांनी कोपरा आत दुमडला.

"सरकारी माल हाय. मोठ्यांनी वाचू नको."

मग थोडं थोडं करून कळलं. मुंबईत शिकत असताना एका हॉकी स्पर्धेत त्यांची प्रथमोपचाराच्या टेबलावर नेमणूक झाली होती. एका गोलकीपरची हनुवटी फाटली. डॉक्टरांनी टाके घातले, सिस्टरांनी ट्रे धरला. दवाखान्यात चला म्हटलं तर तो ऐकेना, त्याला पुन्हा मैदानात जायचं होतं. मग तसं लिहून द्या, म्हणून डॉक्टरांनी कागद पुढे केला. थरथरत्या हाताने त्या मुलाने त्यावर आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, मोठ्या अक्षरात. सामना संपल्यावर तो परत आला आणि या बाईंना द्यायला दुसरं काही नाही म्हणून टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर पुन्हा तसंच नाव लिहून गेला.

"ती चादर मी धोब्याकडं कशी देऊ, तूच सांग. बदली चादर दिली नवी, माझ्या घरची. पेन्सिल पुसून जाईल म्हणून वरून दोरा भरला. आमी पोरी होस्टेलात रुमाल भरायचोच."

तिथून ते सुरू झालं. खेळाडूने पेन्सिलीने नाव लिहायचं, सिस्टरांनी घरी येऊन त्याच्यावर बारीक साखळी टाका घालायचा आणि खाली गाव कुठलं ते मराठीत भरायचं. दोरा भरून होईपर्यंत ती सही झाली असं त्या मानत नसत. फोटो काढायला मी मोबाइल वर केला की म्हणायच्या, "फोटोत सगळीच हसत्यात रं. हात बग त्याचा, हात." दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांच्या सह्या घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. घाबरलेला माणूस आपली रोजची झोकदार सही विसरतो आणि शाळेतल्यासारखं नाव लिहितो, असं त्यांनी पाहिलेलं. "तवा तो खरा असतो," हे त्यांचं मत. मला ते पटायचं आणि थोडी भीतीही वाटायची. एका नावाजलेल्या कप्तानाने स्वतःच्या पेनाने फर्रकन वेटोळं काढून दिलं, तर सिस्टरांनी चादर तशीच त्याच्याकडे सरकवून धरली. "ये तेरा बँक का है बेटा. नाम लिखो." कप्तान हसला आणि निघून गेला. ते वेटोळं चादरीवर तसंच राहिलं, शाईचं. त्यावर त्यांनी एक टाका घातला नाही.

सुबासिनी त्यांना भेटली ती महिलांच्या स्पर्धेत. ओडिशाची गोलकीपर, एवढीशी पोर, हेल्मेट काढल्यावर शाळकरी वाटणारी. तिचा संघ हरला होता आणि ती कोपऱ्यात एकटी बसली होती. सिस्टर जिंकलेल्यांना सोडून तिच्याकडे गेल्या. तिने मन लावून ओडियात नाव लिहिलं, मग सिस्टरांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मी चहा आणायला गेलो आणि मुद्दाम उशीर केला.

त्या आठवड्यात सिस्टर बहिणीकडे गेल्या. घरात सून प्रज्ञा. लग्न होऊन दोन-तीन महिने झालेले, सासूला आपलं कौतुक वाटावं ही इच्छा. कपाटात तिला भरतकाम केलेली चादर दिसली, त्यावर पेन्सिलीचे डाग. तिने चादर साबणात भिजवली, घासली, नीळ घातली आणि कडक इस्त्री केली. दोऱ्यातल्या साऱ्या सह्या शाबूत होत्या. सुबासिनीची तेवढी गेली.

सिस्टर परत आल्या तेव्हा योगायोगाने मी औषधं द्यायला गेलो होतो. सिस्टरांनी चादर उघडली, उन्हात धरली, त्या जागेवरून बोट फिरवलं. प्रज्ञा दारात रडवेली होऊन उभी. सिस्टरांनी चादरीची घडी घातली.

"इस्तरी बाकी झ्याक केलीस गं. चल, च्या टाक."

एवढंच बोलल्या. पण त्यानंतर त्या मुंबईला गेल्या की आधी गोलपोस्टमध्ये कोण आहे ते बघायच्या. पुढच्या स्पर्धेत सुबासिनी नव्हती. गुडघा गेला म्हणे, कोणी म्हणालं गावी गेली. त्या जागेभोवती दुसऱ्यांची नावं आली, ती जागा तेवढी सिस्टर हाताने झाकून धरायच्या.

याच सुमाराला दुकानात सिस्टर गोळ्यांची पट्टी फाडत असताना मला त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा दिसला. तो आपोआप हलत होता. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "बगू नको असा. कंपवात हाय. मी ह्याची किती माणसं पाह्यलीत." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळी घेतल्यावर काही वेळ हात जरा शांत राहायचा. सिस्टर नेमक्या त्या वेळात सुई धरायच्या, स्वयंपाक आणि निवडणं-टिपणं थरथरत्या वेळासाठी ठेवायच्या. पण तो शांत वेळ हळूहळू आखडत चालला होता, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. सुबासिनीला शोधायची त्यांना घाई झाली होती ती एवढ्यासाठीच.

मिलिंदच्या कारखान्यात सुशांत नावाचा ओडिशाचा एक कामगार होता. त्याच्या हाताला जखम झाली, म्हणून मिलिंद त्याला ड्रेसिंगला घरी घेऊन आला. सिस्टर पट्टी बांधत असताना त्याची नजर पलंगावरच्या चादरीवर गेली. त्याने मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली आणि हसायला लागला.

"माँजी, ये नाम तो उल्टा है!"

एका ओडिया खेळाडूचं गाव सिस्टरांनी त्याच्या नावाच्या खाली भरण्याऐवजी डोक्यावर भरलं होतं. गोल गोल अक्षरं, वर कुठलं नि खाली कुठलं त्यांना कळलंच नव्हतं. इतकी वर्षं तो बिचारा तसाच. सिस्टर पोट धरून हसल्या. "म्हंजे पोरगं गावात खाली डोकं वर पाय!" मग त्यांनी त्याला सुबासिनीची मोकळी जागा दाखवली. नाव ऐकताच सुशांतने पेन्सिल उचलली. मी लिहून देतो, आमचीच तर लिपी आहे, त्यात काय, असं म्हणाला. मला वाटलं, सुटला प्रश्न. प्रज्ञाच्या तर जिवात जीव आला. पण सिस्टरांनी चादर ओढून घेतली.

"तू लिवलंस तर ते तुझं अक्षर झालं रं. तिचं कसं?"

"पण नाव तर तिचंच ना?" मी म्हणालो.

"सुधीर, तुझी सही मी केली तर बँक चालवून घेल का? मंग मी का घेऊ?"

सुशांतला ते पटलं असावं. सुबासिनी त्याच्याच जिल्ह्यातली निघाली. त्याने गावाकडे फोन फिरवले आणि काही दिवसांनी बातमी आणली. ती गावी नव्हतीच. खेळाडू म्हणून मिळालेली रेल्वेतली नोकरी टिकली होती, खेळ तेवढा सुटला होता. आम्ही इथे बसून ओडिशा धुंडाळत होतो आणि पोरगी कल्याणला तिकिटं तपासत होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. जिन्यापाशी ती काळ्या कोटात उभी होती, किंचित लंगडत चालत होती. सिस्टरांनी आधी तिकीट काढून दाखवलं आणि मग पिशवीतून चादर. तिने ओळखलं, पण चेहरा उतरला.

"अब मैं खेलती नहीं, अम्मा. मेरी साइन का क्या करोगी? किसी और की ले लो."

"खेल की कुठं मांगती मैं? नाम मांगती."

सुबासिनीने बाकावर चादर पसरली आणि पेन्सिल घेतली. पण तेवढ्यात गाडी लागली, कोणीतरी तिला हाक मारली, आणि तिने सराईत हाताने सरसर नाव लिहून टाकलं. जाता जाता सिस्टरांच्या पायाला हात लावला. येताना मी विचारलं, "पहिलीतल्यासारखं लिहिलं नाही ना तिने?"

"घाईत लिवलं. डूटी हाय बाबा तिची. असू दे."

ते नाव भरायला सिस्टरांना पूर्ण पावसाळा लागला. एका गोळीत एखादी वेलांटी व्हायची. मी गेलो की सुई ओवून द्यायचो, त्याहून जास्त काही करू द्यायच्या नाहीत. दिवाळीच्या आसपास शेवटचा टाका पडला. मी चादर बघितली. सरळ झरझर गेलेली ती अक्षरं दोऱ्यात वेडीवाकडी झाली होती. एक मोठं, एक बारकं, गोल कुठे चेपलेले, कुठे ओळीबाहेर गेलेले. शेजारच्या जुन्या सह्या छापल्यासारख्या, त्यात ही एकच अशी. मी "छान झालं" म्हणालो. सिस्टर काय, चेहरा वाचण्यात मुरलेल्या.

"बिघडवलं रं मी पोरीचं नाव," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

प्रज्ञाला त्यांनी नंतर सांगितलं होतं की माझ्यामागे ते उसवून टाक आणि तू नीट भर, तुझा हात चांगला आहे. थंडी सरता सरता सिस्टर गेल्या.

जलदानविधीला अंगणात मांडव होता. कर्जतमधली ज्यांना ज्यांना त्यांनी टोचलं होतं ती सगळी माणसं आली असावीत, इतकी गर्दी. वंदना झाली, लोक पांगले. सुशांतबरोबर सुबासिनी आली होती, तिला उशीर झाला होता. प्रज्ञाने तिला आत नेलं आणि चादर पलंगावर पसरली. हातात छोटी कात्री होती. सासूचा निरोप तिने सांगितला, आपणच ती सही धुऊन टाकली होती हेही सांगितलं आणि विचारलं, "उसवू का? तुम्ही पुन्हा लिहून द्या, मी नीट भरते."

सुबासिनी पलंगाशी गुडघ्याच्या त्रासाने हळूच खाली बसली. तिने त्या वेड्यावाकड्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही.

"मत निकालो," ती म्हणाली. "पहली में मैं बिल्कुल ऐसा ही लिखती थी."

हे ऐकायला सिस्टर हव्या होत्या. प्रज्ञाने कात्री डब्यात ठेवली, नावाखाली गाव भरायचं राहिलं होतं म्हणून सुई काढली, आणि सुबासिनीला विचारलं, "वर कुठलं नि खाली कुठलं, तेवढं मला दाखवाल?"