अर्धी माती घरधन्याकडे

मातीत किती शिसे असले तरी त्या मातीतली तांबडी भाजी लेकराच्या पानात वाढलेली चालते? गावातले लोक मला हे विचारतात. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे, घरातली पहिलीच; पण खात्रीचे उत्तर नाही. 'ठाऊक नाही' असे मोकळेपणी म्हणायला मला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या नार्वेकर सरांनी शिकवले. ते आता साठ वर्षांचे होत आहेत.

सर प्रथम भेटले ते आमच्या कोरगावच्या परसात. गोवा नुकताच राज्य झाला होता, मी कॉलेजात होते. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पूर्वी दारूगोळ्याच्या चाचण्या होत. तिथून पावसाच्या पाण्याबरोबर खाली काय उतरते, हे सर तपासत होते. आईने त्यांच्या हातातले खुरपे पाहताच माती कुठे नेता म्हणून त्यांना अडवले.

"सायबा, शेण घालून केल्ली माती ही! खंय व्हरता?"

"मूठभरच, वहिनी. अर्दी तुमच्याकडेच उरतली."

"मगे व्हरता कित्याक? सगळीच दवरा हांगा!"

मग नेता कशाला, सगळीच इथे ठेवा, हे ऐकून सर मनापासून हसले. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग बाटलीत बंद करून ते घरधन्याच्या हाती देत. आमचा निकाल पटला नाही तर दुसरीकडे तपासून घ्या, असे सांगत. पुढे मी त्यांची साहाय्यक झाले. एकदा माझ्या हातून नमुन्यांच्या दोन पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. सर रागावले नाहीत. घरोघरच्या बाटल्या मागून घेऊन त्यांनी माझ्याबरोबर बसून चूक शोधली.

पहिल्या फेरीत आमची माती चांगली ठरली होती. यंदाच्या फेरीत मात्र तिच्यात शिसे पुष्कळ निघाले. अशा घरांची यादी ग्रामसभेत वाचायची होती. आई पेडण्याच्या बाजारात भाजी विकते. त्यावरच मी शिकले. "यादीतून आमचे घर वगळाल का?" असे मी सरांना विचारले. हे लिहितानाही मान खाली जाते.

 सर म्हणाले, "भाजी घेणाऱ्याला तुमचं परस कुठे दिसतं?" आणि यादी माझ्यापुढे ठेवून ते वर्गावर गेले.

घरी येऊन आईला सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "बाजारांत म्हाका वळखतात गो."

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांत अजून पुष्कळ सडे चढायचे बळ राहो. गेल्या रविवारी ग्रामसभेत यादी वाचायचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले होते. आई समोरच बसली होती. पहिले नाव मी आमच्या घराचे वाचले.