सहाव्या वर्षीची दाढ

मुलीला सहावं लागलं आणि दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ डोकावू लागली. मी तीही दुधाचीच समजून निर्धास्त होते. शाळेत तपासणीला आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही कायमची दाढ, किडली तर दुसरी येणार नाही. तिच्या खाचांत लेप भरता येतो, पण आधी ती पूर्ण वर यायला हवी. तोवर नीट ब्रश करा आणि गोड कमी द्या.

त्या 'तोवर'नं माझी झोप उडवली. माझ्या स्वतःच्या दोन दाढा लहानपणीच काढाव्या लागल्या, अजून मी एकाच बाजूनं चावते. रोज सकाळी भिंगारच्या आमच्या अंगणात मी मुलीला उन्हाकडे तोंड करून उभी करायची आणि आ करायला लावायची. शेजारीण म्हणे, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला लाव. नवरा म्हणे, महागातली पेस्ट आणू. सासूबाई मिश्रीसाठी तव्यावर तंबाखू भाजता भाजता म्हणायच्या, "माझ्याकडं बघ. साठी उलटली, एक दात हालंना. पेस्ट लावली व्हय मी कधी?" मला राग यायचा, पण त्यांचे दात खरंच शाबूत होते.

दिवाळीनंतर दाढेवर काळी रेघ दिसली. लाडू-करंज्यांना मनातल्या मनात शिव्या घालत मी तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी दाढ पुसली, तर काळं सगळं कापसावर उतरलं. कीड नव्हतीच. बाईंनी कापूस नाकाशी नेला आणि मुलीलाच विचारलं, काय लावतेस?

"मिश्री," ती म्हणाली. "आजीच्या डबीतली. आईला दाढेची काळजी वाटते ना, म्हणून."

दाढ पूर्ण वर आली होती, त्याच वेळी लेपही भरून झाला. घरी जाऊन सासूबाईंशी कडाक्याचं भांडायचं मी रस्ताभर ठरवत होते. पण त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. ऐकल्याबरोबर त्यांनी डबी उचलून माझ्या हातात दिली. मी ती माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी स्वयंपाकघरात डबे उघडून बघत होती. मी तिला जवळ घेऊन समजावलं, दाढ आता पक्की झाली, मिश्रीची गरज नाही.

"दाढेला नको," ती रडवेली होऊन म्हणाली. "डोकं दुखतंय गं आई. थोडीशीच लावू दे."